पीबी-५ वर हक्क कोणाचा? ठिबक नियंत्रकातल्या पिनवाटपाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला एक छोटा उद्योग द्राक्षबागांसाठी ठिबकचे नियंत्रक बनवतो. मालक स्वतः हार्डवेअरचे, फर्मवेअरला (चिपमधल्या कोडला) एक तरुण इंजिनिअर मुलगी, जुळणीला दोघं जण, आणि पीसीबीचं (सर्किट बोर्डाचं) लेआउट बाहेरून करून घेतलेलं. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. पिना, रजिस्टरं (चिपच्या आतल्या सेटिंगच्या जागा) आणि निर्णय मात्र जसे होते तसेच मांडले आहेत. मला बोलावलं ते दोष दिसू लागल्यावर, बाहेरच्या नजरेनं तपासायला.

नियंत्रकाची कामं बरीच आहेत. सहा व्हॉल्व ठरल्या क्रमानं उघडायचे, दोन पाणीमीटरचे पल्स मोजायचे, खताच्या पंपाचा वेग कमी-जास्त करायचा. सँड फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब पाहून फिल्टर धुवायची वेळ ओळखायची, पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारा ईसी आणि आम्लता सांगणारा पीएच वाचायचा. शिवाय कुठल्या प्लॉटला किती पाणी आणि किती खत गेलं याची नोंद फ्लॅश मेमरीत ठेवून मोबाइल नेटवर्कवरून पाठवायची. हे शेवटचं काम वरवर किरकोळ वाटतं. पण बाग निर्यातीची असेल तर खताच्या नोंदी प्रमाणपत्राच्या तपासणीत दाखवाव्या लागतात, म्हणून बागायतदार त्या नोंदीला पाण्याइतकंच जपतो.

चिप होती एसटीएम३२ एफ१०३ सी८. ही मालिका २००७ साली आली. ४८ पिनांच्या या चिपमध्ये ३७ पिना आपल्या वापराला मिळतात; पीए-०, पीबी-५ ही त्यांचीच नावं. ६४ केबी फ्लॅश आणि २० केबी रॅम या कामाला पुरेशी. मालकांचा हात या चिपवर बसलेला होता, आधीच्या यंत्रातला कोड तयार होता आणि साठा हाताशी होता. ही निवड मला आजही चुकीची वाटत नाही.

या मालिकेतलं पिनवाटप नंतरच्या मालिकांसारखं नाही, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे, म्हणून ते आधी सांगतो. एफ१०३ मध्ये पेरिफेरल (चिपच्या आतला एखादं काम करणारा भाग) एकेका पिनेनं हलत नाही, तो आपला संच घेऊन हलतो. एसपीआय-१, म्हणजे फ्लॅशसारख्या चिपशी बोलायची चार तारांची बस, मुळात पीए-४ ते पीए-७ वर असतो. रीमॅपचा, म्हणजे पिना बदलण्याचा, एक बिट लावला की चारही रेषा पीए-१५, पीबी-३, पीबी-४ आणि पीबी-५ वर जातात. दोन इकडे, दोन तिकडे असं जमत नाही. आय-टू-सी-१ (दोन तारांची बस) पीबी-६ व पीबी-७ वर असतो, रीमॅप केला की पीबी-८ व पीबी-९ वर जातो. आय-टू-सी-२ ला पीबी-१० व पीबी-११ सोडून दुसरी जागाच नाही. आणि एडीसी (अॅनालॉग वाचणारा भाग) तर हलतच नाही: या ४८ पिनांच्या चिपवर पीए-० ते पीए-७, पीबी-० आणि पीबी-१, एवढ्याच पिनांवर अॅनालॉग वाचता येतं.

पहिलं वाटप

दाबाचे दोन सेन्सर पीए-० आणि पीए-१ वर गेले. आरएस-४८५ या सिरियल जोडणीसाठी यूसार्ट-२ (सिरियल पेरिफेरल) हवा होता, तो पीए-२ व पीए-३ वर. खताच्या टाकीची पातळी, ईसी, पीएच आणि जमिनीतला ओलावा यांनी पीए-४ ते पीए-७ घेतल्या. अॅनालॉगला पर्याय नसल्यामुळे एसपीआय-१ आपल्या मूळ जागेवरून उठला. इथवर सगळं रास्त होतं.

एसपीआय-२ मात्र मोकळा होता, पीबी-१२ ते पीबी-१५ वर. नोंदींची फ्लॅश चिप तिथे का नेली नाही? कारण त्या पिना व्हॉल्वच्या ड्रायव्हर आयसीच्या अगदी समोर येत होत्या. लेआउट करणाऱ्यानं सांगितलं की व्हॉल्व इथे घेतले तर ट्रॅक सरळ जातील, बोर्ड दोन थरांत बसेल. मालकांना ते पटलं. पीबी-१२ ते पीबी-१५, पीए-८ आणि पीबी-१ असे सहा व्हॉल्व ठरले आणि फ्लॅश रीमॅप केलेल्या एसपीआय-१ वर गेली. या सबंध प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता, आणि तो घेताना समोर फक्त ट्रॅक होते.

रीमॅपची एक ठाऊक असलेली अडचण त्यांनी नीट हाताळली होती. पीए-१५, पीबी-३ आणि पीबी-४ या पिना रिसेटनंतर जेटॅग या डीबगच्या जोडणीच्या ताब्यात असतात. जेटॅग बंद आणि दोन तारांचं डीबग चालू, अशी सेटिंग केली की त्या मोकळ्या होतात. दोन्ही बंद केलं असतं तर प्रोग्रामर जोडताना चिप रिसेटमध्ये धरून ठेवायची कसरत करावी लागली असती. फ्लॅशची चिप-सिलेक्ट रेषा पीए-१५ वर घेण्यातही विचार होता: रिसेटच्या वेळी त्या पिनेवर आतला पुल-अप असतो, त्यामुळे फर्मवेअर जागं होईपर्यंत फ्लॅश गप्प राहते. काळजी घेणारी माणसं होती ही.

पीबी-६ आणि पीबी-७ वर आरटीसीसाठी (वेळ राखणाऱ्या आयसीसाठी) जागा सोडून ठेवली, पण पहिल्या खेपेत ती आयसी लावली नाही. वेळ मोबाइल नेटवर्कवरून घेत होते. दोन बटणं पीबी-१० व पीबी-११ वर.

अडचण

शेतीची थ्री-फेज वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. लाइट आली की नियंत्रक उठायचा आणि आधी नेटवर्क शोधत बसायचा. दिंडोरी, निफाडकडच्या काही बागांत रेंज इतकी कमी, की वेळ मिळेपर्यंत पाण्याची पाळी निम्मी सरायची. म्हणून दुसऱ्या खेपेत आरटीसी लावायचं ठरलं. बोर्ड तोच ठेवून रिकाम्या जागेवर डीएस३२३१ बसवली, फर्मवेअरमध्ये आय-टू-सी-१ सुरू केला, चाचणी पार पडली आणि ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर यंत्रं बागांत गेली.

थोड्याच दिवसांत एका बागायतदाराचा फोन आला. "दादा, मशीन चालतंय, पाणी सुटतंय, टाइम पण बरोबर दाखवतंय. पण मोबाइलवर मागचं काहीच दिसत नाही." बाकीच्या यंत्रांवर पाहिलं, तर नोंद सगळीकडेच कोरी.

मग चाचणीत हे पास कसं झालं? फ्लॅशची तपासणी बूटच्या सुरुवातीला होत होती. ओळख विचारायचा आदेश दिला की डब्ल्यू२५क्यू६४ ही फ्लॅश चिप ईएफ, ४०, १७ असं उत्तर देते. ते आलं की हिरवा दिवा. आरटीसी त्यानंतर सुरू व्हायची. पुढे नोंद लिहिताना फ्लॅश 'बिझी' दिसली की फर्मवेअर ठरलेला वेळ थांबायचं आणि पुढे जायचं. लिहिणं फसलं याची खूण कुठेच राहत नव्हती.

शोध

पहिला संशय सोल्डरवर गेला, आणि तो गैर नव्हता. पीबी-५ ही चिपची ४१ नंबरची पिन, पीबी-६ ही ४२ नंबरची, दोन्ही शेजारी-शेजारी. आरटीसी हातानं लावलेली. बोर्ड धुतले, भिंगाखाली पाहिले, मीटरनं तपासले. शॉर्ट कुठेच नव्हता.

नंतर संशय चिपवर आला. या चिपच्या नकला बाजारात फिरतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे खात्रीच्या विक्रेत्याकडची चिप आणून एका बोर्डावर बदलून पाहिली. दोष तसाच राहिला.

रेषेवरचे सिग्नल दाखवणारा स्कोप लावल्यावर चित्र जरा स्पष्ट झालं. बूट होताना पीबी-५ वर, म्हणजे एसपीआयच्या आदेश पाठवायच्या एमओएसआय रेषेवर, आदेशाचे पल्स स्वच्छ दिसायचे. आरटीसी सुरू झाली की पीबी-३ वर क्लॉक तसाच चालू, चिप-सिलेक्ट खाली येतेय, पण पीबी-५ सपाट. आदेश पोहोचतच नाही म्हटल्यावर फ्लॅश बोलणार तरी काय! ओळख विचारली की उत्तर एफएफ, एफएफ, एफएफ.

इथे मालकांनी सुचवलं की आय-टू-सी-१ पीबी-८ व पीबी-९ वर रीमॅप करू, तो पीबी-५ पासून लांब जाईल. त्यासाठी तिथले पाणीमीटरचे ट्रॅक तोडले आणि तारा ओढून आरटीसी तिकडे नेली. काहीच फरक पडला नाही. हा प्रयोग वाया गेला असं त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, पण माझ्या मते तपास इथेच वळला. रेषा लांब नेऊनही दोष जागचा हलला नाही, म्हणजे कारण ट्रॅकमध्ये नव्हतं.

मी गेलो तेव्हा काम या टप्प्यावर होतं. इंजिनिअरला एवढंच म्हटलं की आता हार्डवेअरला हात लावायचा नाही, कोडच्या ओळी कमी करत जायच्या. तिनं आधी आरटीसी वाचायचा कोडच काढून टाकला, दोष कायम. आय-टू-सीची सगळी सेटिंग काढली, दोष कायम. राहिली एकच ओळ, आय-टू-सी-१ या भागाचा क्लॉक (त्याला जागं करणारा सिग्नल) चालू करणारी. ती काढली आणि ईएफ, ४०, १७ परत आलं. "सर, आय-टू-सी वापरतच नाहीये मी. नुसता क्लॉक दिला तरी फ्लॅश बंद पडते."

मग इराटाशीट, म्हणजे चिपच्या ठाऊक दोषांची यादी, उघडली. चिप बनवणाऱ्यांनी हा दोष त्यात स्पष्ट छापलेला आहे: एसपीआय-१ रीमॅप करून मास्टर म्हणून चालवला आणि आय-टू-सी-१ चा क्लॉक चालू असला, की पीबी-५ वर एमओएसआय आणि आय-टू-सीची एसएमबीए ही इशाऱ्याची जादा रेषा यांची टक्कर होते. एसएमबीए आपण वापरत नसलो तरीही. उपायही तिथेच दिलेला: रीमॅप केलेला एसपीआय-१ आणि आय-टू-सी-१ एकत्र चालवू नका.

आय-टू-सी हलवूनही दोष का गेला नाही, तेही इथे कळलं. रीमॅपमध्ये फक्त क्लॉक आणि डेटा या दोन रेषा हलतात. एसएमबीए पीबी-५ वरच राहते.

नंतरच्या एफ४, जी० यांसारख्या मालिकांत प्रत्येक पिनेला चार बिटांची निवड असते. तिथे १६ पैकी एकच काम लिहिता येतं, त्यामुळे पिनेचा मालक एकच. एफ१०३ मध्ये पिनेला आपण फक्त 'पर्यायी काम, पुश-पुल' एवढंच सांगतो. कुणाचं काम ते सांगत नाही. ज्या पेरिफेरलला क्लॉक मिळाला तो आपली रेषा तिथवर आणून सोडतो. एकाच चारीत दोघांनी पाणी सोडावं तसं होतं. बहुतेक पिनांवर हे सांभाळलेलं असतं. पीबी-५ वर या दोघांच्या बाबतीत ते सांभाळलं गेलेलं नाही.

पर्याय

प्रश्न दोन होते. बागांत लावलेल्या यंत्रांचं काय करायचं, आणि पुढच्या बोर्डाचं काय. सुरुवातीला दोन्हींची चर्चा एकत्रच चालली होती आणि ती पुढे सरकत नव्हती. वेगळे केल्यावर दोन्ही सुटले.

लावलेल्या यंत्रांसाठी पहिली सूचना होती क्लॉक पाळीनं देण्याची: आरटीसी वाचताना आय-टू-सी-१ चा क्लॉक चालू, फ्लॅश लिहिताना बंद. कोड थोडाच बदलणार होता, म्हणून ती मालकांना आवडली. मी विरोध केला. पाणीमीटरचा हिशोब इंटरप्टमध्ये, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून, चालतो आणि तिथूनही नोंद लिहिली जाते. वेळ वाचता वाचता मध्येच फ्लॅशचं लिखाण आलं की पुन्हा तोच प्रकार, आणि आता तो क्वचित घडणारा. रोज दिसणारा दोष क्वचित दिसणारा करून ठेवला तर तो सापडणं आणखी कठीण होतं.

दुसरी सूचना बोर्ड परत आणून ट्रॅक तोडायची आणि आरटीसी पीबी-१० व पीबी-११ वर, आय-टू-सी-२ ला जोडायची. विजेच्या हिशोबानं निर्दोष. पण पंपाच्या शेडमध्ये थरथर आणि दमट हवा, तिथे हातानं ओढलेल्या तारा किती टिकणार? शिवाय छाटणीनंतरच्या दिवसांत यंत्र काढून आणायचं म्हणजे बागायतदाराचं खताचं वेळापत्रक मोडायचं.

तिसरी, इंजिनिअरची: आय-टू-सी-१ चा क्लॉक कधीच चालू करायचा नाही. पीबी-६ व पीबी-७ या साध्या ओपन-ड्रेन (रेषा फक्त खाली ओढणाऱ्या) पिना म्हणून ठेवायच्या आणि आय-टू-सी फर्मवेअरमधूनच चालवायचा. या बसवर फक्त आरटीसी होती. सेकंदाला एकदा वेळ वाचायचा, त्याला वेग लागत नाही. मध्ये इंटरप्ट आला तर क्लॉकचा एक पल्स थोडा लांबतो, एवढंच. मला हाच पर्याय सगळ्यात सरळ वाटला.

पुढच्या बोर्डासाठी चिप बदलण्याचाही विचार झाला. ईएसपी३२ सारख्या चिपमध्ये बरेच सिग्नल जवळपास कुठल्याही पिनेवर नेता येतात, हे इंजिनिअरनं मांडलं. पण सहा अॅनालॉग इनपुट, जमलेला कोड आणि हातातला साठा पाहता तो बेत बाजूला पडला. उरले दोन: फ्लॅश एसपीआय-२ वर नेऊन व्हॉल्व हलवणं, किंवा बटणं आणि आरटीसी यांच्या जागांची अदलाबदल.

काय केलं

लावलेल्या यंत्रांना फर्मवेअरमधला आय-टू-सी दिला. त्यात एक फायदा अनपेक्षित मिळाला. वाचन चालू असताना लाइट गेली आणि आरटीसीनं डेटा रेषा खाली धरून ठेवली, तर नऊ पल्स देऊन ती सोडवता येते. पिना आपल्याच हातात असल्यानं हे दोन ओळींत झालं. फ्लॅशमध्ये प्रत्येक लिखाणाआधी आय-टू-सी-१ च्या क्लॉकचा बिट शून्य आहे का, ते कोड तपासतो. उद्या कुणी तयार लायब्ररी जोडली आणि तिनं तो क्लॉक गुपचूप चालू केला, तर लगेच कळावं म्हणून. लिखाण फसलं तर तीही नोंद आता स्क्रीनवर दिसते.

कोड चाळताना आणखी एक सुप्त दोष सापडला. ज्या रजिस्टरमध्ये रीमॅपचे बिट असतात, त्याच रजिस्टरमध्ये जेटॅगची सेटिंगही असते, आणि ते जेटॅगचे बिट फक्त लिहिता येतात. वाचले तर काय येईल याचा भरवसा नाही. कोडमध्ये दोन ठिकाणी 'वाच, बिट लाव, परत लिही' असं केलेलं. आजवर निभावलं होतं. आता सुरुवातीलाच, क्लॉक दिल्यानंतर, त्या रजिस्टरमध्ये पूर्ण किंमत एकदाच लिहिली जाते आणि पुन्हा त्याला कुणी हात लावत नाही.

पुढच्या बोर्डात अदलाबदल केली: आरटीसी पीबी-१० व पीबी-११ वर आय-टू-सी-२ ला, बटणं पीबी-६ व पीबी-७ वर. व्हॉल्व जिथल्या तिथे राहिले. बदल करण्याआधी या वेळी दोन गोष्टी तपासल्या. पहिली, इंटरप्टचे क्रमांक. या चिपमध्ये पीए-६ आणि पीबी-६ यांना इंटरप्टची रेषा एकच असते. पीए-६ व पीए-७ अॅनालॉग असल्यामुळे बटणांना ६ आणि ७ मोकळे होते. दुसरी, आय-टू-सी-२ ची एसएमबीए. ती पीबी-१२ वर येते आणि तिच्याबद्दलही इराटात नोंद आहे, पण ती त्या पिनेवरच्या एसपीआय-२ आणि यूसार्ट-३ च्या कामांसाठी. आपल्याकडे पीबी-१२ साधं आउटपुट, त्यामुळे अडचण यायला नको. तरी कागदावर न थांबता, आरटीसीचं वाचन अखंड चालू ठेवून पहिला व्हॉल्व उघड-बंद करत स्कोपवर पाहिला, मगच गर्बर फाइल (बोर्ड बनवायच्या फाइल) पाठवल्या.

निष्पत्ती

इंजिनिअरनं बागेत जाऊनच फर्मवेअर भरलं आणि नोंदी त्याच दिवशी सुरू झाल्या. मधल्या काळाच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. बागायतदारांनी आपल्या वहीवरून त्या भरून काढल्या. ज्यांनी वही ठेवली नव्हती त्यांची ती पानं कोरी राहिली, आणि याची भरपाई कुठल्याही फर्मवेअरनं होत नाही. नवा बोर्ड पहिल्याच खेपेत चालला.

वेगळं काय करता आलं असतं

इराटा आधी वाचायला हवी होती, हे खरंच आहे. पण ती कधी वाचायची, हे जास्त महत्त्वाचं. पन्नास नोंदी सुरुवातीला वाचून कुणाच्या लक्षात राहत नाहीत. पिनांचा तक्ता भरून झाला आणि लेआउटला जायचा आहे, त्या मधल्या वेळेत तक्त्यातली एकेक पिन इराटाशीटमध्ये शोधायची. पीबी-५ शोधली असती तर उत्तर तिथेच होतं. डेटाशीटच्या तक्त्यात मात्र ही टक्कर दिसत नाही, कारण तिथे दोन्ही कामं वेगवेगळ्या रकान्यांत शेजारी बसलेली असतात.

तक्ता भरण्याचा क्रमही ठरवायला हवा होता. हलूच न शकणारी कामं आधी: एडीसी, यूएसबी, डीबग. मग संचानं हलणारी: एसपीआय, आय-टू-सी, यूसार्ट, टायमर. कुठेही चालणारी साधी आउटपुट शेवटी. या बोर्डात व्हॉल्व, म्हणजे सगळ्यात लवचीक कामं, एसपीआयच्या आधी बसली आणि एसपीआय उरलेल्या जागेत गेला. लेआउट करणाऱ्याची सूचना चुकीची नव्हती. ती ऐकायची वेळ चुकली.

'पुढे लागेल' म्हणून सोडलेल्या जागेबद्दल माझं मत या प्रकरणानंतर पक्कं झालं आहे. पहिल्या खेपेतल्या निदान एका बोर्डावर ती आयसी लावून, सगळे क्लॉक एकदम चालू करून, सगळी कामं एकत्र पळवून पाहायला हवी होती. प्रत्येक पेरिफेरल सुटा-सुटा पास होत होता, आणि सुट्या चाचणीत हा दोष कधीच दिसला नसता.

एका मुद्द्यावर मालक आणि इंजिनिअर यांचं अजून जमलेलं नाही. बारा व्हॉल्वच्या मोठ्या नियंत्रकासाठी तिला पिनेगणिक निवड देणारी चिप हवी आहे. मालकांचं म्हणणं, या चिपचे खाचखळगे आता कळले आहेत, नवीन घेतली तर तिचे पुन्हा शिकावे लागतील. मी तिच्या बाजूनं आहे. बारा व्हॉल्व म्हणजे सहा आउटपुट आणखी, आणि ४८ पिनांत एफ१०३ वर ते बसवायला गेलं तर शिफ्ट-रजिस्टर (थोड्या पिनांतून बरीच आउटपुट देणारी आयसी) लागेल, ते पुन्हा एसपीआयवर येईल. सध्या दोन्ही चिपांसाठी पिनांचे तक्ते समोरासमोर भरायचं काम चालू आहे, आणि लेआउट करणाऱ्याला अजून फाइल पाठवलेली नाही.